दहा कोटी एकचं गाऱ्हाणं

मी एक जुना आकडा आहे, मित्रांनो, आणि पार मेटाकुटीला आलो आहे. दहा कोटी एक! दोन टोकांना दोन एक, मध्ये सात शून्यं.

१९५८ साली पुसदजवळच्या एका शाळेत सदाशिवराव गुरुजींनी मला फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं आणि शेजारी बजावलं, 'पुसू नये'. मी मूळ संख्या आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. म्हणजे एक आणि मी स्वतः सोडून कोणीच मला पुरतं भागू शकत नाही. ते सिद्ध करायचं, तर दहा हजारांच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी मला भागून पाहायचं. अशा आहेत बाराशे एकोणतीस. रोज एक भागाकार!

सुरुवातीला काय कौतुक झालं माझं! तपासणीचे साहेबसुद्धा मान वर करून मला वाचून गेले. पण घोळ पहिल्याच दिवशी झाला होता. लहान संख्यांना कागद कशाला, म्हणून गुरुजींनी पान चघळत त्या तोंडीच उरकल्या. सतराच्या वेळी माझं एक शून्य गिळलं आणि म्हणाले, "बाकी सहा."

कसली सहा, डोंबल! सतरानं मला पुरता भाग जातो हो! पण आकड्याला बोलता येतं थोडंच? पुढे सव्वातीन वर्षं ते वहीवर मला भागत राहिले आणि मी नुसता चडफडत राहिलो.

१९६१ साली शेवटचा भागाकार झाला. सोमवारी यवतमाळच्या शिक्षक मेळाव्यात गुरुजी ते जाहीर करणार होते. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मोठ्या माणसांचा वर्ग भरला. त्यात तांड्यावरचा फुलसिंग होता, चाळिशीचा, नुकताच भागाकार शिकलेला. त्यानं पाटी पुढे केली.

"गुरुजी, आमचा तांडा सतरा घरायचा. शेंगा असो का मटन, सतरा वाटे पाडतो. म्हणून म्या फळ्यावरच्या आकड्यालेही सतरानं वाटून पाह्यलं. काहीच नाही उरलं जी!"

गुरुजींनी एकेक ओळ बोटानं तपासली. खाली शून्यच होतं. त्यांचा चेहरा उतरला. आता म्हणतील 'शाब्बास', असं वाटून मी हरखलो.

"चुकलं तुझं," ते म्हणाले आणि तळहातानं पाटी पुसून टाकली. "तीन वर्षं मी काय गोट्या खेळत होतो? आधी पाढे पाठ कर."

"बरं जी," फुलसिंग पुटपुटला. "आपल्या डोस्क्यात नाही बसत हे." पुढच्या रविवारी तो आला नाही. नंतरही कधीच आला नाही.

यवतमाळला गुरुजींना शाल-नारळ मिळाला. मला खोटं नाव मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत फळा रंगवला, त्याखाली मी गेलो. त्याचं मला काही नाही, मित्रांनो. मला जपू नका, हवं तर विसरून जा. पण तुमच्यापैकी कोणी त्या तांड्याकडे गेलंच, तर फुलसिंगला एवढं सांगा, की त्याचं गणित बरोबर होतं आणि गुरुजींना ते कळलं होतं.