पप्पांचे तीन प्रोग्रॅम

दुपारची सामसूम होती. तेवढ्यात फळीवरून स्टीलचं झाकण खाली आलं आणि ठणठणत फिरत राहिलं. मी कीबोर्डवरचे हात उचलून पलंगाकडे पाहिलं. माझी लेक ग्लेनिशा कुशीवर वळली, पण उठली नाही. देवा, अजून अर्धा तास दे.

"मांजर गो, मी नाय!" स्वयंपाकघरातून सासूबाई कुजबुजल्या. "मेल्विना, तुजां झालां काय? सांजेक पोरां येतली प्रॅक्टिसीक."

पोरां म्हणजे आमच्या कपेलात, वाडीतल्या छोट्या चर्चमध्ये, गाणारी मुलं. रविवारी फेस्त, कपेलाचा वर्षाचा सण. त्यांना शिकवायचे माझे सासरे, साल्वादोर पप्पा. नाताळाआधी ते गेले. शेवटच्या दिवसांत फेस्तासाठी नवं गाणं कॉम्प्युटरवर रचत होते. कागदावर ते कुठेच नाही, आणि फाइल उघडेना.

पप्पांचे तिन्ही प्रोग्रॅम विंडोजसाठी बनलेले: एक गाण्याचे स्वर लिहायचा, एक मराठी टायपिंगचा, एक जुन्या प्रिंटरचा. पप्पा गेल्यावर मशीन फार रखडायला लागलं म्हणून बोटीवर कामाला जाण्याआधी ज्युडने, माझ्या नवऱ्याने, त्यावर लिनक्स घातलं. लिनक्सवर खोटं-खोटं विंडोज उभं करून असले प्रोग्रॅम चालवता येतात. मी मारे तिन्ही एकाच ठिकाणी कोंबले. काल टायपिंगवाला बसवला आणि स्वरांचा बंदच पडला!

"सोलां आणि सुको जवळो एकाच बरणयेत घातलंस तर काय होतलां?" सासूबाई हसल्या होत्या. आमसुलं आणि सुकट, दोन्हींची वाट लागायची.

मग आज वेगवेगळ्या बरण्या. प्रत्येक प्रोग्रॅमला त्याचं स्वतंत्र खोटं विंडोज, प्रत्येकावर नाव. टायपिंग चाललं. प्रिंटर चालला. स्वरांचा उघडला आणि... पडदाभर नुसते चौकोन! मग सुचलं, स्वरचिन्हांचा फॉन्ट जुन्या जागीच राहिलाय. तो आणून या बरणीत टाकला, पुन्हा उघडलं. काळे टपोरे स्वर, ओळीने!

"माय, इलां!" पोर झोपलंय हे विसरून मी ओरडले.

सासूबाई खोबऱ्याच्या हातांनीच धावत आल्या. मी वाजवलं. कॉम्प्युटरचं व्हायोलिन अगदीच रडकं, पण चाल पप्पांचीच. चढताना तो एक स्वर जरा जास्त धरायचा, ही त्यांची खोड. सासूबाईंची मान डोलायला लागली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीच्या मध्यावर सगळं थांबलं.

"लाइट गेली?"

"नाय, माय." मी पान खाली सरकवलं. पुढे स्वर नाहीतच, नुसत्या आडव्या रेघा. "इतक्यांच आसा."

सासूबाई हात पुसत म्हणाल्या, "मगे तितक्यांच गातली पोरां. कोणी पुढचां जोडूचां नाय."

ग्लेनिशा कधी उठली कळलंच नाही. डोळे चोळत ती माझ्या मांडीवर चढली आणि त्या रेघांवर बोट ठेवून म्हणाली,

"मम्मी, ह्यो रिकाम्यो ओळी कश्यो वाजतत?"