काळ्या दारूची पळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पळी आहे, पण आमटी वाढायच्या कामाची नाही. मी बंदुकीची दारू मोजते, तीही फक्त काळी. दुसरी मोजायला सांगाल तर ऐकणार नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावी, तांब्याच्या खाणीवरचे लोहार हॉवर्ड ट्रेगेन्झा यांनी मला घडवले. उडवलेल्या काडतुसाचे रिकामे नळकांडे त्यांनी कापले, त्याला तारेचा दांडा डाख देऊन जोडला आणि कानस घेऊन बसले. थोडे घासायचे, दारू भरून पाहायची, पुन्हा घासायचे. काळ्या दारूला काडतुसात पोकळी चालत नाही. गोळीच्या बुडापर्यंत जेवढी लागते तेवढीच माझ्यात मावू लागली, तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली.

पुढे कितीतरी वर्षे मी दारू ओतली. तिच्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती आणि मेण व मेंढीची चरबी चोपडलेली शिशाची गोळी बसे. शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर लोक मला हातात घेऊन निरखत. मग बिनधुराची दारू आली, तिच्यासाठी तराजू आले आणि मी शेडमधल्या खिळ्याला लटकले. काळी पडले, पण माझे माप हलले नाही.

हॉवर्ड गेले. नेमबाजीच्या क्लबला शंभर वर्षे झाली, तेव्हा त्यांच्या मुलीने, मर्लने, वडिलांच्या बंदुकीने एक तरी बार काढायचे ठरवले. काळी दारू गावात कुठे मिळेना. तिचा भाचा गार्नेट जॅमच्या बरणीत दारू घेऊन आला.

"घे मावशी. पळी आजोबांची, काडतूस आजोबांचं. भर आणि उडव!"

मर्लने मला बरणीत बुडवले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते. ही बिनधुराची दारू होती, काळीपेक्षा कितीतरी जहाल. माझ्या मापाने ती भरली, तर बंदूक मर्लच्या गालाशीच फुटली असती.

मर्लने मला उजेडात धरले. दाणे सगळे एकसारखे, बारीक चिरलेल्या शेवयांसारखे. तिने वास घेतला.

"गंधक कुठंय यात?"

"नाही तेच बरं! धूर नाही, घाण नाही."

"अरे शहाण्या, हिच्या एवढ्या मापानं माझं डोकं उडेल!"

"मग फेक ती पळी. आता काय उपयोग तिचा?"

"बरणीवर दारूचं नाव नाही टाकलंस तू, आणि फेकायची पळी?"

तिने दारू बरणीत परत ओतली. दाभणाने माझ्या पितळी अंगावर कोरले: 'फक्त काळी दारू'. बरणीवरही चिठ्ठी डकवायला लावली.

शताब्दीच्या दिवशी तिचे नाव पुकारले गेले. मर्ल रिकामी बंदूक घेऊन रांगेत ताठ उभी राहिली.

"काय गं, ट्रेगेन्झांची बंदूक मुकी झाली का?" कोणीतरी ओरडले.

"काळी दारू आण, मग बोलेल. भलतं काही खायला घालून मी तिला फोडणार नाही!"

मित्रांनो, जुनी मापे जपा, पण ती कशाची आहेत तेही त्यांच्यावर कोरून ठेवा. मला बिनकामाची म्हणायचे तर खुशाल म्हणा. मर्लचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. काळी दारू मिळेपर्यंत मी थांबेन. दुसरी मोजणार नाही.