मुक्यानं चढलेला माड

ओल्या अंगावर लुंगी आवळत, केसांतून पाणी निथळत शेजारची तेआबिके विहिरीवरून तडक म्हाताऱ्या नाकिबाएच्या मचाणासमोर आली आणि तिनं तोंड सोडलं.

"आवर तुझ्या लेकाला, नाकिबाए! तेरा वर्षं जर्मन जहाजावर काढून हेच शिकून आला का? माडावर मुकाट बसायचं आणि बायकांच्या आंघोळी बघायच्या?"

मागून रुतियाता आला, हातात नीरेची बाटली. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण तोंड पार पडलेलं.

"मावशी, शप्पथ, मी खाली बघितलंसुद्धा नाही. वर जीव मुठीत धरून बसलो होतो मी."

"मग गायला काय धाड भरली होती?"

नोनोउती बेटावर नीरेसाठी माडावर चढलेला माणूस गातो. गाणं कानावर आलं की खालच्या बायका सावरून घेतात, पोरं माडाखालून बाजूला होतात. न गाता चढणाऱ्याचा अर्थ एकच, आणि तो काही चांगला नाही. हे रुतियाताला ठाऊक नव्हतं असं थोडंच? पण गाणार काय? प्रत्येक घराचं गाणं वेगळं, बापानं लेकाला दिलेलं. दुसऱ्याचं म्हणायची सोय नाही. आणि ह्याला कुणी दिलंच नव्हतं. आठवडाभर त्यानं विहिरीवर कुणी नाही असं बघून चढून वेळ मारून नेली, आज सापडला.

साखरेच्या दुखण्यात नाकिबाएचा डावा पाय गुडघ्यापासून कापला, तेव्हा रुतियाता बोट सोडून घरी आला. म्हाताऱ्यानं खालून ओरडून ओरडून त्याला माड चढायला शिकवलं. माडाची कोवळी पोय, न उमललेला फुलोरा, दोरीनं कशी आवळायची, सकाळ-संध्याकाळ तिचं टोक कसं पातळ तासायचं, सगळं शिकवलं. गाण्याचं नाव मात्र काढलं नव्हतं.

तेआबिके बडबडत निघून गेली. रुतियाता बापाजवळ टेकला.

"बाबा, गाणं द्या मला."

नाकिबाएनं पहिली ओळ म्हटली. दुसरी अर्धी म्हटली. मग नुसताच हात हलवत राहिला. परत पहिलीपासून सुरू केलं, परत तिथंच गाडी अडली.

"येत नाहीये," तो म्हणाला. "महिनाभर बघतोय. म्हणून तर तुला बोललो नाही. खाली बसून कधी म्हटलंच नाही रे मी ते. माझ्या आज्याचं गाणं. माझ्याबरोबर जाणार आता." आणि तो कणखर म्हातारा हमसून हमसून रडायला लागला.

रुतियाताला काही सुचेना. जहाजावर इंजिन बंद पडलं तर कुठं हात घालायचा हे त्याला कळायचं, इथं कुठं घालणार? तो तेआबिकेच्या दारात गेला. "मावशी, तुम्ही इतकी वर्षं ऐकलंत. थोडंफार तरी आठवत असेल?"

"वारा काय ऐकू देतो?" ती म्हणाली. तिचा राग निवला होता. "शेवटचं तेवढं यायचं ऐकू. तिथं तुझा बाप बोंबलायचाच."

"काय होतं शेवटी?"

"ते मी कोण सांगणार? बापाच्या तोंडून ऐक."

संध्याकाळी रुतियाता माडावर चढला. आता न गाता चढायची सोय नव्हती म्हणून जहाजावरचं काहीतरी गुणगुणला. सुरी पोयीच्या टोकाला लावली. नीरा टपटप गळत होती. बापाचे हात त्याच्या डोळ्यांसमोर आले. गाणं त्या हातांत असणार, तोंडात नाही. बाप काही वर येऊ शकत नव्हता. मग त्यानं सुरी टोकावरून काढली, बुडाशी घातली आणि अख्खी पोय तोडून खांद्यावर घेऊन उतरला.

"अरे मेल्या!" नाकिबाए किंचाळला. "गळती पोय मारलीस? घरात नीरेचा थेंब येणार नाही आता! अक्कल गहाण टाकलीस का?"

"शिव्या मग द्या, बाबा. आधी हे धरा." त्यानं पोय बापाच्या मांडीवर ठेवली, हातात सुरी दिली.

म्हाताऱ्यानं रागारागानंच पहिला काप काढला. मग दुसरा. तिसऱ्या कापाला त्याचा ओठ हलला. सुरी जशी फिरेल तशी ओळ यायला लागली: आज्याचं होडकं, बुडालेला खडक, माडाची विनवणी. सुरी थांबली की गाणं थांबे. रुतियाता एकेक ओळ मागून म्हणत गेला. चटईवर कापांचा ढीग झाला, नीरा मांडीवरून ओघळली, कुणाला भान नव्हतं.

पोय बोटभर उरली तेव्हा नाकिबाए थांबला.

"झालं," तो म्हणाला.

"झालं कसं? शेवटी तुम्ही ओरडायचात म्हणे."

म्हातारा कुंपणापलीकडे बघून तेआबिकेच्या नावानं काहीतरी पुटपुटला. मग मान खाली घालून त्यानं उरलेला तुकडा तासला.

"गळ गं, भरभर गळ. परक्या पाण्यावर माझं पोर तहानलेलं आहे."

तेरा वर्षं, सकाळ-संध्याकाळ बाप हे गात होता! आणि रुतियाता मात्र समजत होता की बापाला आपण नकोच होतो. बोटीवर धाडताना बाप एकदा थांब म्हणाला नव्हता, मुंबईपासून हांबुर्गपर्यंत एका बंदरावर त्याचा निरोप आला नव्हता. त्यानं डोळे पुसले आणि ती ओळ म्हणायला तोंड उघडलं.

नाकिबाएनं चिकट हात त्याच्या तोंडावर ठेवला.

"ही आज्याची नाही, माझी. ही नाही द्यायची तुला," तो म्हणाला. "तू आलास ना आता."