विद्यार्थी पळवून लावण्याची बैठक

माझ्या सासऱ्यांची ड्रायव्हिंग शाळा आहे आणि विद्यार्थी त्यांना पाठीमागे भोंगा म्हणतात. म्हणायला आता विद्यार्थीच उरले नव्हते, तो भाग वेगळा. शेवटची मुलगी तर गाडी सिग्नलवर सोडून चालत घरी गेली. या महिन्यात नवं कुणी आलं नाही तर गाडी विकून शाळा बंद करायची, असं सासरे जेवताना म्हणाले आणि अर्ध्या पानावरून उठले. मला फार वाईट वाटलं.

ऑफिसात मी असल्या अडचणींसाठी बैठका घेते. प्रश्न उलटा करायचा, सगळ्यांनी मिळून तो होईल तेवढा बिघडवायचा आणि कुणाच्याही कल्पनेला नावं ठेवायची नाहीत. रविवारी सासू, सासरे आणि नणंद यांना मी शाळेच्या खोलीत बसवलं आणि फळ्यावर लिहिलं, 'विद्यार्थी पळवून कसे लावायचे?'

"सूनबाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" सासरे म्हणाले.

"बाबा, नावं ठेवायची नाहीत."

शाळेचे फोन घेणाऱ्या नणंदेनं सुरुवात केली. "वळण आलं की सांगायचं, इथेच एकाचा पाय मोडला होता."

"नुसतं सांगून काय होतंय?" सासरे म्हणाले. "गाडी थांबवून जागा दाखवायची."

"गिअर चुकला की डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं," मी म्हणाले.

"मोठ्यांदा घ्यायचं," सासऱ्यांनी भर घातली. "आणि म्हणायचं, तुझ्या आधी एक आजीबाई होत्या, त्या चार दिवसांत शिकल्या."

यातली एकूण एक गोष्ट ते स्वतः करतात. नणंद टेबलाखाली तोंड लपवून हसत होती, माझ्या हातातला खडू मोडला. सासऱ्यांना वाटलं आपल्या कल्पनांना दाद मिळतेय. मग काय, गडी पेटलाच. रिकाम्या खुर्चीत विद्यार्थी बसलाय असं धरून ते त्याच्या कानाशी "क्लच, अरे क्लच, कुठे बघतोस, क्लच" करत सुटले. हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

"माझंही एक लिही," सासूबाई म्हणाल्या. "मास्तर गावाला गाडी शिकवतात आणि मास्तरांची बायको पिशव्या घेऊन बसच्या रांगेत उभी. बघणारा म्हणणारच, यांना घरचं माणूस शिकवता आलं नाही, मला काय शिकवणार?"

मी तेही लिहिलं. सासऱ्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. त्यांचे कान लाल झाले.

"हे सगळं मीच करतो की," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, "तू कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. नव्या नवलाईत. तुम्ही मला तो मोडलेला पाय सांगितलात."

यावर सगळ्यांत आधी सासरेच हसले. असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "गाडी विकायची नाही," ते म्हणाले. "विद्यार्थी मिळालाय."

अर्ध्या तासानं सासूबाई स्टिअरिंगवर आणि आम्ही दोघी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. गाडीनं बेडकासारख्या दोन उड्या मारल्या आणि थेट चौकाकडे निघाली. सासऱ्यांचं तोंड उघडलं. त्यांनी ते हातानं घट्ट दाबलं, चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली.