पुसलेली ओळ

सर्बियातल्या नोवी सादच्या आमच्या सर्व्हर-खोलीत रातोमिरने भिंतीवर एक कागद चिकटवला होता: स्विच बिघडला तर आधी नोंदी गोळा करा, मगच बंद-चालू करा. आमचे स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या पेट्या, लिनक्सवर चालतात. एक आज्ञा दिली की लॉग, सेटिंग, कोणत्या पोर्टला काय झालं, कोणी काय टाइप केलं, सगळ्याचं एक गाठोडं बांधून मिळतं. आधी बंद-चालू केलं तर त्यातलं बरंचसं उडून जातं. रातोमिर आमचा केबलवाला, साठी उलटलेला; आम्ही त्याला मायस्तोर, म्हणजे उस्ताद, म्हणायचो. हे सगळं मला त्यानेच शिकवलं.

त्या मंगळवारी मी चाचणीचा समजून चालू स्विचची पोर्टं बंद केली. दोन दवाखान्यांचे फोन तासभर गेले. आमची प्रमुख दोब्रिला धावत आली, काय झालं म्हणून विचारू लागली. माझ्या तोंडून निघालं, “मायस्तोर मागे वायरी ओढतोय.” तो खरंच ओढत होता. म्हणूनच तर ते इतकं सहज निघालं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

चोराच्या मनात चांदणं. मी आधी नोंदींतली माझ्या आज्ञेची ओळ पुसली, मग स्विच बंद-चालू केला आणि त्यानंतर गाठोडं बांधून स्विच बनवणाऱ्यांकडे पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: नोंदींत काही सापडत नाही, बहुधा केबल हलली असावी. रातोमिरला घरी बसवलं. पेन्शनला त्याचे अकरा महिने उरले होते.

चार दिवस अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी दोब्रिलाकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. तिने शांतपणे चष्मा काढला.

“वुकाशिन, तू मनाचा मोठा आहेस. पण म्हाताऱ्यासाठी स्वतःला खड्ड्यात घालू नकोस. नोंदींत तुझं नाव कुठंय?”

पुसलं, म्हणालो. ती हसली. हेही बरं सुचलं तुला, म्हणाली. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो, पण दाखवायला हातात काही नव्हतं. जे होतं ते मीच पुसलं होतं.

रविवारी रातोमिरकडे स्लावा होती, त्यांच्या घराच्या संताचा सण. स्लावाला कोणी बोलावत नाही, आपणच जायचं असतं, आणि न येणारा बरोबर लक्षात राहतो. गेलो. त्याच्या बायकोने शिजवलेल्या गोड गव्हाचा चमचा पुढे केला. मी तो घेतला.

रातोमिरने राकिया, म्हणजे फळांची दारू, ओतली आणि भरल्या घरात माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“दोब्रिलाचा फोन आला होता. हा पठ्ठ्या माझ्यापायी स्वतःची नोकरी घालवायला निघाला होता.”

“मायस्तोर, ते खरंच मी केलं.”

“बघा,” तो पाहुण्यांना म्हणाला, “अजून हट्ट सोडत नाही.” त्याचे डोळे भरून आले होते.

सगळ्यांनी माझ्या नावाने पेले उचलले. मीही उचलला.