आखाजीचं बोट

वाल्मीकने बाजेवर वाळत घातलेला बिबडा, ज्वारीचा पापड, उलटून पाहिला. खालची बाजू अजून ओली होती.

सहाणेवर कवठाची साल. माय ती उगाळून गालांना लावते. सोनगीरमध्ये दुसरं कोणी असं करत नाही.

भुसावळहून कलकत्त्याची दोन तिकिटं. पुढे रंगूनचं विमान.

एक जांभळं लुगडं, घडी न मोडलेलं.

दुसरीच्या वर्गात गुरुजींनी विचारलं, मामाचं गाव कोणतं? वाल्मीक म्हणाला, "प्रोम." सगळा वर्ग हसला.

प्रोम ब्रह्मदेशात, इरावतीच्या काठी. मायचे, म्हणजे द्रौपदाबाईचे वडील तिथे लाकडाच्या वखारीत होते. आई तिथलीच, गालांना साल लावणारी; ती तापाने गेली. लढाईत जपानी आले तेव्हा वडील दोन्ही पोरींना घेऊन डोंगरातून पायी निघाले. वडील वाटेत गेले; सोनगीरला पोचली ती एकटी थोरली. धाकटीचं विचारलं की माय म्हणायची, "ती तठेच शे." तिथेच आहे; नाव सोडलं तर याहून जास्त कधीच नाही. वाल्मीकला मामा नव्हता, आजोळ नव्हतं. सुट्टीत पोरं आजोळी गेली की तो ओसरीवर बसून मावशीचं नाव म्हणायचा. मा-टिन, मा-टिन. धुळ्याला नोकरी लागल्यापासून तो याच प्रवासासाठी पैसे साठवत होता. लुगडं तिच्यासाठी, बिबडेही तिच्यासाठीच.

"काय रे वाल्मीक, तुनी मावशी बिबडा खाई का?" शेजारची बेबाबाई कुडावरून म्हणाली. "तठे तर बठ्ठा भातच खातस म्हने."

"तिनी नही खादा तर मी शे ना."

"तू? तू तर वाटमाच खाई टाकशी!"

तो हसला. मायने आतून हाक मारली.

घागर भरून झाली होती, वर खरबूज आणि आंबे. वाल्मीक उंबरठ्याशी बसला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं. नाव घेतलं की ते माणूस त्या दिवशी जेवायला येतं. नावं माय सांगायची, बोट तो ओढायचा.

"तुना आबा."

त्याने बोट ओढलं.

"तुना बाप."

"मना बाप. मनी माय," मायने पुढची नावं सांगितली.

दरवर्षी इथेच संपायचं. तो बोट पुसायला फडकं शोधू लागला.

"थांब. अजून एक शे."

"कोण?"

मायने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"मा-टिन."

वाल्मीकचा हात कुंकवाच्या वाटीवर तसाच राहिला.

"माय, तिलेच तर देखाले जाई राह्यनूत ना आपण?"

ती उंबरठ्याकडे पाहत होती.

"ओढ, बापू. भुकी व्हई ती."

बाहेर निंबाला झोका बांधला होता. माहेरी आलेल्या पोरी गाणं म्हणत होत्या. वाल्मीकने बोट कुंकवात बुडवलं आणि ओढलं. रेघ अर्ध्यावर वाकडी गेली. मायने वाकून आपल्या बोटाने ती पुरी केली.

१९४२च्या मार्चमध्ये, तौंगुपच्या घाटात, दहा वर्षांच्या द्रौपदेने पाठीवरच्या बहिणीला सावली बघून खाली ठेवलं आणि ती वडिलांच्या मागे चालू लागली. मा-टिन तेव्हा जिवंत होती.