डेन्झिलच्या नावाला

“मध्यंतर झालं की उठायचं, मम्मी. ठरलंय आपलं,” स्टेजवरच्या फिडलच्या वरताण आवाज काढून वांडा माझ्या कानात म्हणाली.

“मला काय सांगतेस? बापाला सांग.”

बाप समोर बघत होता. टोपी गुडघ्यावर, नाकात नळी, पायाशी चाकांवरचा छोटा सिलिंडर. एकोणतीस वर्षं कोळसा खणला हॉबर्टनं, आणि त्यातला बराचसा छातीत घेऊन घरी आला. घरी विजेवरचं यंत्र आहे, रात्रंदिवस घरघरतं. बाहेर पडायचं तर ऑक्सिजनवाले एका वेळी एकच छोटा सिलिंडर देतात. तीनवर चावी ठेवली तर अडीच तास. आम्ही घर सोडलं तीन वाजून वीस मिनिटांनी. हिशेब सरळ होता. मध्यंतराला उठायचं, श्वास असेपर्यंत घरी पोचायचं.

वांडाच्या पलीकडे तिचा नवरा ट्रेंट. ओहायोचा आहे, म्हणजे बाहेरचा, त्याला कोण काय करणार. बसायला चार उशा घेऊन आला होता. “आमच्याकडे उशी डोक्याखाली घेतात,” मी म्हटलं होतं. तो आपला हसला. बिचाऱ्याला चिडतासुद्धा येत नाही.

वेंडेल स्पार्कमन गात होता. आमच्याच खोऱ्यातला पोरगा. नॅशव्हिलला जाऊन कंट्री गाण्यांत नाव काढलं, पण ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी इथल्या जत्रेच्या मैदानावर येतो म्हणजे येतोच. गाणी बरी असतात. मात्र खाणीतली माणसं गाण्यांसाठी येत नाहीत. शेवटच्या गाण्याआधी वेंडेल गिटार खाली ठेवतो आणि वर्षभरात गेलेल्या खाणवाल्यांची नावं वाचतो. नाव आलं की त्याच्याबरोबर जमिनीखाली काम केलेला जो कुणी असेल, तो उभा राहतो. टाळी नाही, शब्द नाही. पुढचं नाव आलं की बसतो. एखाद्या नावाला कुणीच उठत नाही. मग वेंडेल जरा थांबतो, लोक इकडेतिकडे बघतात, आणि तो पुढं जातो. ते थांबणं मी दोनदा ऐकलंय. शत्रूवरसुद्धा येऊ नये.

यंदा डेन्झिलचं नाव होतं.

डेन्झिल, हॉबर्टच्या पाळीतला, फेब्रुवारीत गेला. माझं नि त्याचं कधी जमलं नाही. अकरा वर्षांपूर्वी पाद्रीबाईंना मी जेवायला बोलावलं होतं, नेमका तेव्हाच तो पिऊन आला आणि माझ्या ओसरीवर ओकला. मी म्हटलं, “या पायऱ्या पुन्हा चढायच्या नाहीत.” तो चढला नाही. हॉबर्ट कुंपणापाशी जाऊन त्याच्याशी बोलायचा, पाऊस असला तरी. दोघं भिजत उभे, आणि मी खिडकीतून बघत बीन्स निवडायची. एकदा तरी हाक मारायला हवी होती का? मारली नाही, एवढं खरं.

चौथ्या गाण्याला माझं लक्ष हॉबर्टच्या ओठांकडे गेलं. जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते. मी वाकून चावी बघितली. एकवर.

“ही कुणी फिरवली?”

“मी,” तो म्हणाला. “नीट बस.”

“कधीपासून?”

“गाडीत बसल्यापासून.”

“वेड लागलंय तुला? मरशील इथंच, या बाकावर!”

“हळू बोल, डेल्फी. गाणं चाललंय.” त्यानं श्वास घेतला, मग आणखी एक. “आम्ही पाच जण... छत कोसळलं तेव्हा. माहितेय ना?”

माहीत नसायला काय झालं. एकोणीस तास मी खाणीच्या तोंडाशी उभी होते, पोटात वांडा.

“पाच दिवे होते टोप्यांवर. डेन्झिल म्हणाला, एकच लावायचा. तो विझला की दुसरा. बाकीचे म्हणाले, सगळे लावा, भीती वाटते. त्यानं ऐकलं नाही. बाहेर काढलं तेव्हा दोन दिवे... शिल्लक होते.” दमला. मग म्हणाला, “हे तसंच आहे. पुरवून वापरायचं.”

“दिवा आणि छाती एक नव्हे, गाढवा.”

“मला एकच रीत ठाऊक आहे.”

त्या पाचातले चौघं आता गेले होते, डेन्झिल धरून. पाचवा हा. डेन्झिलनं खाली काम केलं ते याच पाच जणांच्या टोळीत. हा नसला तर डेन्झिलच्या नावाला मैदानात एकही माणूस उठणार नव्हता. त्यानं हे मला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, आणि त्याच्याकडे तेवढी हवाही नव्हती.

मध्यंतर झालं. वांडा उठली, ट्रेंटनं उशा गोळा केल्या.

“चला डॅडी.”

“तुम्ही जा. लिंबाचं सरबत आणा.”

“डॅडी, ठरलं होतं आपलं! मम्मी, तू बोल ना. तुझं ऐकतात ते.”

ते खरं आहे. पंचेचाळीस वर्षं या घरात माझं चाललं. कधी जेवायचं, कुठल्या चर्चला जायचं, कुंपणाच्या आत कोण येणार, सगळं मी ठरवलं. मी “उठ” म्हटलं असतं तर हॉबर्ट उठला असता. टोपी घालून गाडीत बसला असता, आणि त्या दिवसापासून माझ्याकडे न बघता जेवला असता.

“मम्मी!”

“मला पण सरबत आण,” मी म्हटलं. “साखर कमी.”

“त्यांना काही झालं तर?”

“तर मी आहे ना इथं. जा.”

वांडा रडवेली झाली. ट्रेंटनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाला, “मॅम, मी ट्रक फाटकाशी आणून लावतो. पोलीस नको म्हणाले तरी लावतो.” पहिल्यांदाच मला वाटलं, हा माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

दुसरा भाग लांबला. वेंडेलला आज गोष्टी सांगायचा उत्साह आला होता. त्याच्या आजीची शेळी, त्याची पहिली मोटार. लोक हसत होते. मी मनात म्हणत होते, मेल्या, शेळी सोड, नावं घे. हॉबर्टनं डोळे मिटले होते. सरबताला तोंड लावलं नाही. त्याची बोटं गुडघ्यावर बँजोच्या ठेक्यात हलत होती, तेवढ्यावर मी जीव ठेवून बसले. मग बोटंही थांबली.

“हॉबर्ट.”

“आहे,” तो म्हणाला.

ऊन डोंगराआड गेलं तेव्हा वेंडेलनं गिटार खाली ठेवली आणि खिशातून कागद काढला. मैदान एकदम गप्प झालं. डोनट तळणाऱ्यानंसुद्धा झारा बाजूला ठेवला.

पहिलं नाव. आमच्या मागं तिघं उठले. दुसरं नाव, एक म्हातारा काठी टेकत उठला. नावं आडनावांप्रमाणे येतात. डेन्झिलच्या आधी अजून पाच-सहा नावं होती.

मी सिलिंडरचा काटा बघितला. त्यानं राखून राखून बरीच हवा उरवली होती. एकवर ठेवली तर घरापर्यंत सहज पुरली असती. पण एकवर हा माणूस बाकावरून उठणार नव्हता, हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. त्याचे पाय मी रोज सकाळी पलंगावरून खाली ठेवते.

मी वाकले आणि चावी फिरवली. तीन. चार. सहा. पुढं फिरत नव्हती. सिलिंडर सापासारखा फुसफुसायला लागला.

हॉबर्टनं डोळे उघडले. “संपेल,” तो म्हणाला.

“संपू दे. ओढ.”

तो ओढत राहिला. ओठांचा रंग जरा फिरला. मी त्याच्या काखेत हात घातला.

“डेन्झिल रॅटलिफ,” वेंडेलनं वाचलं.

“हात काढ, डेल्फी.”

या हातानं मी त्याला भरवलंय, पुसलंय, दोनदा मारलंयसुद्धा. काढ म्हटल्यावर काढायची मला सवय नाही. काढला.

त्यानं समोरचा बाक धरला. एकदा वर आला आणि परत बसला. वेंडेल थांबला होता. लोक इकडेतिकडे बघायला लागले. मी माझा हात मांडीखाली दाबून बसले, नाहीतर तो गेलाच असता. मग हॉबर्ट उठला. सरळ. टोपी छातीशी.

वेंडेलनं त्याला बघितलं, मान लववली आणि पुढचं नाव घेतलं.

घरी पोचलो, पण परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये काय झालं ते मी लिहिणार नाही. वांडाला विचारा, ती सांगेल, आणि जास्तीचं सांगेल.

पण ते नंतरचं. मैदानात पुढचं नाव आलं, पलीकडे दोघं उठले, दोघं बसले. हॉबर्ट बसला नाही. बसायला गुडघे वाकवावे लागतात आणि तेवढं बळ उरलं नव्हतं, हे मला कळलं. हात पुढं केला असता तर बसला असता. मी केला नाही. सगळी नावं संपली. वेंडेलनं गिटार उचलली, शेवटचं गाणं सुरू झालं, आणि माझा नवरा भर बाकांत एकटा उभा. मागच्या रांगेत एक दांडगी बाई आपल्या नातवंडांना घेऊन बसली होती. तिला स्टेज दिसत नव्हतं. तिनं एका पोराला डावीकडे सरकवलं, दुसऱ्याला उजवीकडे, आणि स्वतः मान तिरपी करून, एक शब्द न बोलता, सबंध गाणं तसंच ऐकलं.